दुसऱ्याचा शेरा

माझ्या जिभेला हाड नाही, असं आई मी शाळेत असल्यापासून म्हणायची. मला त्यात कौतुक वाटायचं. चाळीत भांडण झालं की बायका मला पुढे करायच्या, नळावर कोणी दादागिरी केली की मला हाक यायची, आणि मी पदर खोचून जायचे. तोंडाला येईल ते बोलून टाकायचं आणि वर म्हणायचं, आपल्याला बाबा खोटं जमत नाही. साठी ओलांडल्यावर मला कळलं की खरं बोलणं आणि फाडकन बोलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ते ज्यांच्यामुळे कळलं त्यांना मी काका म्हणायचे. आमच्या समोरच्या चाळीत, तिसऱ्या मजल्यावर, जिन्यालगतच्या खोलीत ते राहायचे. लालबागच्या आमच्या गल्लीत खाली मसाल्याची गिरणी आहे, मिरची दळायला घेतली की दोन्ही चाळी एकदम खोकतात. आमची ओळखही त्या खोकण्यातूनच, गॅलरीतून गॅलरीत झालेली.

आधी माझ्या उद्योगाबद्दल सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

विमा कंपनीतून रिटायर झाल्यावर घरात बसून मालिका बघत सडायचं नव्हतं. दादरला रविवारी सकाळी मोडी लिपीचा वर्ग चालायचा, तिथे नाव घातलं. वर्गात वीस जण होतो. चौथ्या रविवारपर्यंत बरेच गळाले. मी हट्टी, मी टिकले. पुढे गिरगावातल्या एका जुन्या वाचनालयात कुणीतरी कागदांच्या तीन ट्रंका आणून दिल्या. घर रिडेव्हलपमेंटला गेलं होतं, ट्रंका ठेवायच्या कुठे, म्हणून. ते कागद वाचून साध्या अक्षरात उतरवायचं काम माझ्याकडे आलं. मंगळवार आणि शुक्रवार, जेवून बस पकडायची, गिरगावात उतरायचं, आणि पाचपर्यंत रुमाल सोडून बसायचं. रुमाल म्हणजे जुने कागद बांधून ठेवलेलं फडकं. कधीकाळी तांबडं असावं, आता त्याला काही रंगच उरलेला नव्हता.

कागद होते अठराव्या शतकातले, सह्याद्रीतल्या एका आडबाजूच्या किल्ल्याचे. मला वाटलं होतं लढाया असतील, फितुरी असेल. कसलं काय. सगळी हजिरी. किल्ल्यावरच्या शिबंदीत, म्हणजे पहाऱ्याच्या शिपायांत, या साली कोण नवा घेतला आणि कोण कमी झाला, एवढंच. पानंच्या पानं. पहिले दोन महिने मी जाम वैतागले होते. मग हळूहळू गोडी लागली.

शिपाई चाकरीत घेताना त्याची चेहरेपट्टी लिहायचे. त्या काळी फोटो नव्हता, तेव्हा माणूस शब्दांत पकडून ठेवायचा. वर्ण सावळा, डोळे घारे, उजव्या भुवईवर तीळ, उमर पंचवीस. म्हणजे उद्या हा मेला आणि त्याच्या जागी दुसराच कोणी येऊन उभा राहिला तर कारकुनाने कागद काढून तीळ शोधायचा. शिवाय जामीन लागायचा. गावचा, नात्यातला, ओळखीचा कोणीतरी सांगायचा की हा माणूस माझ्या भरवशावर ठेवा, पळाला तर मला धरा. आणि खरंच धरायचे. चाकरी सुटण्याच्या वाटा चार-पाचच होत्या. मेला तर मयत. गुन्हा केला तर बरतर्फ. म्हातारा झाला, हातापायाने गेला तर रजा दिली. आणि न सांगता रात्रीतून तट उतरून गेला तर पळोन गेला. प्रत्येक नावाला असा एकेक शेरा. अख्ख्या आयुष्याचा हिशेब तीन शब्दांत उरकलेला.

हे सगळं एकाच कारकुनाच्या हातचं होतं. बारीक, उजवीकडे झुकलेलं अक्षर, शाई संपत आली तरी बोरू न बुडवता ओढत नेण्याची खोड. मी त्याला ‘माझा कारकून’ म्हणायचे. त्याच्यावर चिडायचे, त्याच्याशी बोलायचे. वाचनालयातल्या लोकांना वाटायचं बाईचं काहीतरी बिनसलंय.

आता काका.

काका परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात वॉर्डबॉय होते. सगळी नोकरी एकाच वॉर्डात. माझी आई शेवटचे अठरा दिवस तिथेच होती. काका तेव्हा रिटायर व्हायला आलेले. ड्युटी संपली की घरी जायच्या आधी ते तिच्याजवळ येऊन बसायचे. तिला कुशीवर वळवायचे, पाठीला पावडर लावायचे, तिच्याशी मालवणीत दोन शब्द बोलायचा प्रयत्न करायचे आणि ती त्या अवस्थेतही त्यांचं मालवणी ऐकून हसायची. मी बाहेर डॉक्टरांशी हुज्जत घालत असायचे. आई गेली तेव्हा तिचा हात त्यांच्या हातात होता, माझ्या नाही. त्याचा मला कधी हेवा वाटला नाही. आधारच वाटला.

तर या काकांच्या घरात एक गोष्ट चालत आलेली होती. त्यांचा कोणी पूर्वज, खापरपणजोबाच्याही मागचा, किल्ल्यावर शिपाई होता. त्याचं नाव घरात सगळ्यांना पाठ. नावाच्या शेवटी ‘नाक’, जसं तेव्हा त्यांच्या समाजात असायचं. त्याचा डावा कान अर्धा तुटलेला होता, बिबट्याने ओढला म्हणून. आणि तो शेवटपर्यंत किल्ला सोडून गेला नाही. दरवर्षी बुद्धपौर्णिमेला आमच्या मागच्या विहारात वंदना झाली, खीर वाटून झाली की काका उभे राहायचे आणि पोरांना ही गोष्ट सांगायचे. मी एकदोनदा ऐकली आहे. बोलताना ते स्वतःचा डावा कान धरायचे, आणि समोरची सगळी पोरं आपापला कान धरून बसायची. शेवटचं वाक्य दरवर्षी तेच असायचं. आपल्याला कोणी काही दिलं नाही, पण आपण दिलेला शब्द मोडला नाही.

मला किल्ल्याचे कागद मिळालेत हे मीच गॅलरीतून ओरडून सांगितलं होतं. मिरवायची हौस, दुसरं काय. किल्ल्याचं नाव ऐकून काका हातातला चहाचा कप तसाच धरून उभे राहिले. म्हणाले, “ताई, आमचा किल्ला तोच.”

त्यांचा माणूस मला सात महिन्यांनी सापडला. नवे चाकर ठेवल्याच्या यादीत. नाव तेच, गाव तेच. वर्ण काळा, छाती रुंद, डावा कान अर्धा तुटका, उमर तेवीस. जामीन मामा. तुटका कान वाचताना माझ्या अंगावर काटा आला, खोटं नाही सांगत. मी तिथूनच फोन लावला. दुसऱ्या शुक्रवारी काका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून माझ्याबरोबर बसने गिरगावात आले. मी कागद टेबलावर पसरला. ते वाकले, बराच वेळ बघत राहिले, मग विचारलं, “हात लावला तर चालेल?”

मी सवयीने, कुणालाही बोलते त्याच सुरात बोलले, “हात धुतलेत का?”

शब्द तोंडातून गेल्यावर माझं मलाच ऐकू आलं. कोण कोणाला काय विचारतंय. कान तापले माझे. काकांनी मात्र शांतपणे दोन्ही तळवे पुढे केले आणि म्हणाले, “वॉर्डातला माणूस आहे मी. हात धुण्यातच जन्म गेला.” आणि हसले. मग एका बोटाने त्यांनी ती ओळ हलकेच चाचपली. माझ्याकडून तीनदा वाचून घेतली. तिसऱ्या वेळी तर माझ्या आधी तेच बोलत होते. वर्ण काळा, छाती रुंद. जामीन मामा.

निघताना म्हणाले, “पुढे काय झालं त्याचं? सुटला कधी, कसा, तेवढं बघा ना.”

ते दुसऱ्या रुमालात निघालं. मधे पंधरा वर्षं गेली होती. कमी झालेल्यांची यादी, लांबच लांब पट्टी, वरची बाजू कसरीने खाल्लेली, अर्धी वीत कागद नाहीच. एक नाव, त्याखाली शेरा, पुन्हा नाव, पुन्हा शेरा, अशी मी वाचत गेले. काकांच्या माणसाचं नाव मधोमध होतं. आणि त्याच्या खालच्या ओळीत लिहिलं होतं, पळोन गेला, सबब जामीन भाऊ धरिला.

यादीच्या शेवटी एका नावाखाली काहीच शेरा नव्हता. मी म्हटलं, विसरला असेल मेला कारकून.

काकांना कसं सांगायचं याचा मी किती विचार केला असेल? काहीही नाही. शुक्रवारी संध्याकाळी बसमधून उतरले, ते कोपऱ्यावर भाजी घेत होते, हातात मेथीची जुडी. तिथेच सांगितलं. “काका, तुमचा आजा पळाला हो.” आणि हसले मी. “शहाणा माणूस. कोण मरायला बसणार त्या डोंगरावर.”

त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. मग मी वहीच काढून वाचून दाखवली. भरात होते मी, म्हणून वरच्या नावाचंही वाचलं. “याच्या आधीच्याचं बघा किती छान लिहिलंय. डोळ्यांनी दिसेनासे झाले, चाकरी इमानाने केली, सबब रजा दिली, ऐवजी पुतण्या ठेविला.”

काका म्हणाले, “भाग्यवान माणूस.”

मग म्हणाले, “पण ताई, जामीन तर मामा होता ना?”

मी म्हटलं, “मधे बदलतात जामीन.”

असं कुठेही लिहिलेलं नाही. मी एकाही कागदात तसं वाचलेलं नव्हतं. माझ्या वाचनावर कोणी शंका घेतलेली मला सहन झाली नाही, म्हणून तिथल्या तिथे ठोकून दिलं. काकांनी मान हलवली. शिकलेली बाई सांगतेय म्हणजे असेल. “भावाला अडकवून गेला म्हणजे,” एवढंच बोलले आणि मेथी पिशवीत ठेवून चालायला लागले.

पुढच्या बुद्धपौर्णिमेला ते विहारात उभे राहिले नाहीत. पोरांनी गलका केला, कानाची गोष्ट सांगा, कानाची गोष्ट सांगा. त्यांनी घसा दाखवला, बसलाय म्हणाले. घसा चांगला खणखणीत होता. त्याच संध्याकाळी त्यांना जिन्यात कुणालातरी हाक मारताना मी ऐकलं. नंतर काकू, म्हणजे त्यांची बायको, मला नळावर भेटल्या. काकू कधी आवाज चढवत नाहीत. त्या दिवशीही चढवला नाही. म्हणाल्या, “हाय खाल्ली त्यांनी. म्हणतात, इतकी वर्षं मी पोरांना खोटं सांगत होतो. ताई, तुम्ही नसतं सांगितलं तर काय झालं असतं?”

मला राग आला. खरंच राग आला, तो मी लपवणार नाही. मी म्हटलं, “कागदात आहे ते सांगितलं. मी काय माझ्या पदरचं घातलं?”

पदरचं घातलं होतंच की मी. पण तेव्हा ते मला आठवलंही नाही.

काका माझ्याशी पूर्वीसारखंच बोलायचे. जयभीम ताई, जेवण झालं का, पाणी आलं का. त्या कागदांबद्दल मात्र पुन्हा विचारलं नाही. माझंही बरं चाललं होतं. पुढच्या हिवाळ्यात त्यांची छाती भरली आणि त्यांना हॉस्पिटलात नेलं, त्यांच्याच. कॉट त्यांच्या जुन्या वॉर्डात मिळाली. मी दोनदा भेटायला गेले. तोंडावर मास्क होता, बोलणं नव्हतंच. पाचव्या दिवशी काका गेले. दोन्ही चाळी रस्त्यावर उतरल्या होत्या. जलदानविधीला विहारात पाय ठेवायला जागा नव्हती. वॉर्डातल्या नर्सा आल्या होत्या, बरे होऊन घरी गेलेले पेशंट आले होते. एकेक जण उठून त्यांच्याबद्दल बोलत होता. आईचं सांगायचं म्हणून मीही उठले, आणि मला एक शब्द फुटला नाही. हे माझ्या बाबतीत पहिल्यांदाच घडलं.

त्यानंतर तीनेक महिन्यांनी तिसरी ट्रंक उघडली. त्यात तशीच एक यादी निघाली. अक्षर तेच, पट्टी तशीच लांब, पण ही वरपासून खालपर्यंत धड होती. पहिलीच ओळ होती, मयत जाहला.

मी थांबले. कोण मयत झाला? वर तर कोणी नव्हतंच. कागद उलटा केला, मागे बघितलं, चिकटवलेला तुकडा सुटलाय का ते बघितलं. काही सुटलं नव्हतं. मग खालपर्यंत गेले. शेवटचं नाव, आणि त्याखाली कोरा कागद.

एवढंच होतं ते. माझा कारकून आधी शेरा लिहायचा आणि त्याच्या खाली नाव. बाकी कोणी तसं करत नसेल, हा करायचा. त्याला तसंच शिकवलं असेल, किंवा हवालदार तसं ओरडून सांगत असेल, एक मेला, कोण, तर अमका. काकांच्या यादीचा वरचा शेरा कसरीने खाल्ला होता म्हणून ती नावाने सुरू झाल्यासारखी दिसत होती, आणि मी अख्खी यादी एक घर सरकवून वाचली होती, प्रत्येकाला त्याच्या पुढच्याचा शेरा लावून.

जुनी पट्टी पुन्हा काढली. काकांच्या माणसाच्या नावाच्या वरची ओळ. डोळ्यांनी दिसेनासे झाले, चाकरी इमानाने केली, सबब रजा दिली, ऐवजी पुतण्या ठेविला. पळालेला तो पुढचा, भलत्याच गावचा. माझी स्वतःची वही उघडून मी चाकर ठेवल्याच्या याद्या चाळल्या. त्या पुढच्याचा जामीन भाऊ. काकांच्या माणसाचा जामीन मामा. दोन्ही माझ्याच अक्षरात. काकांनी हेच विचारलं होतं. मोडीचा म कळत नव्हता त्यांना, पण तीनदा ऐकून त्यांनी जे लक्षात ठेवलं ते मी लिहून ठेवूनही बघितलं नव्हतं. मी तिथेच टेबलावर डोकं टेकलं. ग्रंथपाल पाणी घेऊन आल्या. मी त्यांना सांगितलं, मी एका माणसाची आयुष्यभराची गोष्ट खोटी पाडली आणि ती खरी होती. त्यांना काही कळलं नाही. त्यांनी पंखा वाढवला.

दोन दिवस घराबाहेर पडले नाही. मग ती ओळ एका कोऱ्या कागदावर मोठ्या, स्वच्छ अक्षरात लिहिली आणि समोरच्या चाळीचे तीन मजले चढले. काकू एकट्याच होत्या, तांदूळ निवडत बसल्या होत्या. बुद्धाच्या फोटोशेजारी आता काकांचा फोटो लावला होता. मी खाली बसले आणि काहीही न लपवता सगळं सांगितलं. कारकुनाची रीत, खाल्लेला कागद, भाजीच्या गाडीशी मारलेली थाप. ती थाप सांगताना मला रडू आलं. मग ओळ वाचून दाखवली.

काकूंचा हात ताटात तसाच राहिला. म्हणाल्या, “म्हणजे पळाला तो आमचा नव्हताच.”

“नाही काकू.”

“शेवटच्या दोन दिवसांत ते त्याच्याशीच बोलत होते,” त्या म्हणाल्या. “मास्क बाजूला सारून. मी म्हटलं वाताचं असेल, पण नाही, शुद्धीत होते. म्हणायचे, घाबरला असशील रे तू, मला कळलं नाही, मी तुझ्यावर रुसलो. मीपण घाबरलोय आता, म्हणायचे. ताई, उभा जन्म त्यांनी लोकांची मरणं बघितली. मी घाबरलो असं माझ्याजवळ बोलले नाहीत, पोराजवळ बोलले नाहीत. त्याच्याजवळ बोलले.”

मी कागद हातात धरून बसले होते. इमानाने चाकरी केली, असं मोठ्या अक्षरात लिहिलेला.

“मग तो कोण होता?” काकूंनी विचारलं. “पळाला तो. नाव काय त्याचं?”

मी नाव सांगितलं. गाव सांगितलं. त्यांनी दोनदा पुटपुटून ते पाठ केलं.

“असू दे,” त्या म्हणाल्या. “त्या वेळी हे बोलायला दुसरं कोण होतं त्यांना.” आणि पुन्हा तांदळात बोटं घातली. मी माफी मागायला गेले होते. ती तशीच राहिली.